कर्मणी प्रयोग : वैद्यकीय संशोधनात रुग्ण कुठे असतो?

१. फाईल

या लेखाचे निमित्त एक प्लॅस्टिकची फाईल आहे. आई गेल्यानंतर तिचे कपाट आवरताना ती सापडली. आईला आमवात होता. डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. २०११ साली एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ती एका नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये दाखल झाली आणि वर्षभर त्यात राहिली. फाईलमध्ये अकरा पानांचे मराठी माहितीपत्रक व संमतीपत्र, भेटींच्या तारखांचे कार्ड आणि रबरबँड लावलेली एसटीची तिकिटे होती. संमतीपत्राच्या शेवटी आईची सही आहे, आणि तिच्याखाली ‘नातेवाईक’ या शब्दापुढे माझी.

मी डॉक्टर नाही, कुठल्या विद्यापीठाशी माझा संबंध नाही. बी. कॉम. झाल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षे मुद्रितशोधन केले. वैद्यकीय संशोधनाविषयी जे काही कळते ते गेल्या दहा-बारा वर्षांत, शब्दकोश शेजारी ठेवून स्वतः वाचलेल्या निबंधांवरून. तेव्हा औषधशास्त्रातला अधिकार मी सांगणार नाही. मजकूर वाचणे हा मात्र माझा धंदा होता, आणि त्या अधिकारावर हा लेख आहे.

ती अकरा पाने मी प्रूफ वाचावे तशी वाचली. आई कर्ता असलेली वाक्ये त्यांत आहेत, पण ती सगळी एका जातीची आहेत: आपण ठरल्या तारखेला यावे, आपण दुसरे औषध घेऊ नये, आपण कधीही माघार घेऊ शकता. बाकी सर्व ठिकाणी आईच्या बाबतीत काहीतरी केले जाते. तिची निवड केली जाईल, तिचे रक्त घेतले जाईल, तिची माहिती साठवली जाईल. आईला काय विचारले जाईल, तिच्या सांगण्यावरून काय बदलेल, आणि अखेरीस तिला काय कळवले जाईल, याबद्दल एकही वाक्य नाही.

मराठी व्याकरणात ‘प्रयोग’ म्हणजे कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा संबंध. शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे आपण घोकलेले असते. प्रयोगशाळेतल्या प्रयोगालाही तोच प्रश्न विचारता येतो: यात कर्ता कोण आणि कर्म कोण? रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक आणि सामान्य नागरिक यांना संशोधनात सामील करून घेण्याची चर्चा गेली तीसेक वर्षे जगभर चालू आहे. आपल्याकडेही आता ‘सहभाग’ हा शब्द नियमांत आणि मार्गदर्शिकांत शिरला आहे. त्या शब्दाच्या आत काय आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

२. शब्दांची तपासणी

सुरुवात माहितीपत्रकापासूनच करू. आईच्या फाईलनंतर ओळखीपाळखीतून मिळतील ती माहितीपत्रके मी जमवत गेलो. औषध वेगळे, आजार वेगळा, पण भाषा एकच. मूळ इंग्रजी मसुदा, त्याचे शब्दाला शब्द भाषांतर, आणि भाषांतर बरोबर असल्याचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्र शब्द जुळल्याचे असते. वाचणाऱ्याला अर्थ कळल्याचे कोणी देत नाही.

पहिला शब्द ‘चाचणी’. मराठीत रक्ताचीही चाचणी असते आणि शाळेतली घटक चाचणीही असते. आई वर्षभर शेजारणींना सांगत होती, ‘माझ्या चाचण्या चालू आहेत.’ तिच्या मनात रक्त, लघवी, एक्स-रे. चाचणी औषधाची आहे आणि त्या चाचणीचे साधन आपण आहोत, हे त्या शब्दातून तिला कळणे शक्यच नव्हते. काही पत्रकांत ‘चाचणी’ऐवजी ‘अभ्यास’ असतो. तो तर आणखी मऊ. अभ्यास डॉक्टर करणार, आपण फक्त बसायचे. ‘प्रयोग’ हा सर्वांत प्रामाणिक शब्द, पण ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ हा प्रश्न येईल म्हणून तो कटाक्षाने टाळलेला असतो. खरे तर तो प्रश्न यायलाच हवा. संमती त्या प्रश्नानंतर सुरू होते.

दुसरा शब्द ‘यादृच्छिक’. ‘आपली यादृच्छिकपणे दोन गटांपैकी एका गटात विभागणी केली जाईल.’ यातला अर्थ सांगायला आपल्याकडे चिठ्ठी आहे. भिशीचा नंबर चिठ्ठीने निघतो, आरक्षणाची सोडत चिठ्ठीने निघते. ‘कोणाला नवे औषध मिळेल आणि कोणाला जुने, हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ असे लिहिले असते तर आईने लगेच विचारले असते, ‘आणि मला कोणते आले हे सांगाल ना?’ हा प्रश्न संपूर्ण चाचणीच्या रचनेला हात घालणारा आहे.

तिसरा ‘नियंत्रित गट’. तुलनेसाठी ठेवलेला गट, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचणाऱ्याला मात्र वाटते, या गटातल्या लोकांवर जास्त लक्ष ठेवणार, त्यांना काबूत ठेवणार. प्रत्यक्षात अनेकदा उलटे असते.

आणि चौथा शब्द स्वतः रुग्णाचा. इंग्रजीत त्याला दीर्घकाळ ‘सब्जेक्ट’ म्हटले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, मार्गदर्शिकांची नुसती शीर्षके पाहावीत. २००० सालच्या शीर्षकात संशोधन मानवी ‘सब्जेक्ट्स’वर होते. २००६ मध्ये ते ‘पार्टिसिपंट्स’वर झाले, माणूस सहभागी झाला, पण ‘वर’ कायम राहिला. २०१७ च्या शीर्षकात ‘वर’ जाऊन सहभागींना सामावून घेणारे संशोधन आले. ज्या हेलसिंकी जाहीरनाम्यावर जगातली संशोधन-नीती उभी आहे, तो १९६४ चा. त्याच्या शीर्षकातला ‘सब्जेक्ट’ जाऊन ‘पार्टिसिपंट’ यायला २०२४ उजाडावे लागले. साठ वर्षे. आणि आपल्याकडे ज्यांना कायद्याचे बळ आहे, त्या २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत अजून ‘ट्रायल सब्जेक्ट’च आहे. मार्गदर्शिका माणसाला सहभागी म्हणते, कायदा त्याला विषय म्हणतो.

शब्द बदलला की व्यवहार बदलतो असे मी म्हणत नाही. ‘लोकसहभाग’ हाच शब्द घ्या. सरकारी योजनांत त्याचा अर्थ बहुतेकदा श्रमदान आणि लोकवर्गणी असा झाला. आराखडा वरून यायचा, लोकांनी खड्डे खणायचे. संशोधनातल्या ‘सहभागा’चेही तेच होऊ शकते: शरीर आमचे, आराखडा तुमचा.

३. थकव्याला रकाना नव्हता

आईच्या भेटीला दर वेळी एक ठरलेला क्रम असे. समन्वयक बाई सांधे दाबून पाहत, सुजलेले किती, दुखणारे किती ते लिहीत, मग एका आडव्या रेषेवर आईला खूण करायला सांगत: गेल्या आठवड्यात आजाराचा त्रास किती? या मोजणीत अठ्ठावीस सांधे धरले जातात. खांदे, कोपरे, मनगटे, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. घोटे आणि पावले त्यात नाहीत. आईचे मुख्य दुखणे पावलांत होते. सकाळी मोरीपर्यंत जाताना ती भिंत धरायची.

पण तिची खरी तक्रार निराळीच होती. ती म्हणायची, ‘अहो बाई, दुखणं मी सोसते. पण दुपारी बारा वाजले की अंगातलं सगळं कुणी काढून घेतल्यासारखं होतं. भाजी निवडायला बसले तर हात उचलत नाही. ते कशानं?’ बाई चांगल्या स्वभावाच्या होत्या. त्या हसून म्हणायच्या, ‘होतं असं, आजी.’ लिहीत नव्हत्या, कारण लिहायला रकाना नव्हता. एकदा लिहिले, तेव्हा ते औषधाचा संभाव्य दुष्परिणाम म्हणून लिहिले. थकवा औषधाचा असू शकत होता. आजाराचा असू शकत नव्हता.

काही वर्षांनी एका निबंधात जे वाचले, त्याने मी चकित झालो. संधिवाताच्या संशोधनात काय मोजावे हे ठरवणारा ‘ओमेरॅक्ट’ नावाचा तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम १९९२ पासून चालू आहे. सुरुवातीच्या बैठकांत तज्ज्ञ बसत आणि सांधे, सूज, वेदना यांची यादी पक्की करत. २००२ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या बैठकीत पहिल्यांदा रुग्णांना बरोबरीचे सदस्य म्हणून बोलावले. त्यांनी सांगितले की तुमच्या यादीत आमचा थकवा कुठेच नाही, आणि आमच्यासाठी तो मोठा आहे. मग त्यावर काम झाले, आणि २००७ मध्ये या आजाराच्या चाचण्यांत थकवाही मोजावा अशी शिफारस प्रसिद्ध झाली.

म्हणजे आई २०११ मध्ये जे सांगत होती, ते वैद्यकशास्त्राने चार वर्षांपूर्वीच मान्य केलेले होते. तिच्या फॉर्मपर्यंत ते पोचले नव्हते. आणि शास्त्राला ते कळले ते नव्या यंत्रामुळे नव्हे. खोलीत बसलेल्या माणसांत बदल झाला म्हणून. रुग्णांच्या सहभागाच्या बाजूने मला माहीत असलेला हा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. यात रुग्णांवर उपकार नाही, औदार्य नाही. विज्ञानाचीच एक चूक होती आणि ती आजारी माणसानेच दाखवली.

इथे शुश्रूषा करणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या भाषेत त्यांना धड नावही नाही. रुग्णालयात ते ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ या प्रश्नाचे उत्तर असतात आणि पाटीवर ‘नातेवाईकांनी बाहेर थांबावे’ असतात. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या जेम्स लिंड अलायन्सच्या कामात रुग्ण, शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर एकत्र बसून एखाद्या आजारातले अनुत्तरित प्रश्न गोळा करतात आणि त्यांतले पहिले दहा ठरवतात. ‘बाहेर थांबावे’ या पाटीची सवय असलेल्या मला हे वाचून विश्वास बसेना. आई भेटीच्या दिवशी डॉक्टरांपुढे नेहमी बरीच असायची. आदल्या रात्री कशी होती, हे मला ठाऊक होते. मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

४. धाराशिवच्या बायका

आता माझ्या घरातून बाहेर पडून महाराष्ट्रातल्या एका मोठ्या संशोधनाकडे येतो. ते मोठे आहे म्हणूनच त्याची समीक्षा करावीशी वाटते.

१९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत एक चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठीने चार गटांत वाटले. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथा गट तुलनेचा. त्याला तेव्हा जिल्ह्यात जी नेहमीची सेवा होती ती, म्हणजे नियमित तपासणी नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ३४ या कर्करोगाने गेल्या. तुलनेच्या गटात ३१,४८८ होत्या. त्यांतल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेली एक तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे त्यातून दिसले. २०२१ च्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात भूम-परांड्याच्या बाजूच्या या बायका आहेत.

या रचनेवर पुढे बराच वाद झाला. एक बाजू म्हणाली, तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीपासून माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे अनैतिक आहे. दुसरी बाजू म्हणाली, देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. पाश्चात्त्य पद्धत इथे झेपणारी नव्हती. गरीब जिल्ह्यात काय चालेल हे अशा चाचणीशिवाय कळले नसते, आणि ती झाली नसती तर चारही गटांना काहीच मिळाले नसते. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी वाचले आहेत. दोन्हींत तथ्य आहे. संशोधकांनी त्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे काम केले, हेही विसरता येत नाही.

माझा आक्षेप वादाच्या रचनेवर आहे. मी जे वाचले त्यात डॉक्टर बोलतात, नीतिशास्त्रज्ञ बोलतात, संस्था खुलासे देतात. त्या स्त्रिया दोन्हीकडे कर्मस्थानी आहेत. एकीकडे त्यांच्यावर अन्याय ‘झाला’, दुसरीकडे त्यांचे भले ‘केले’. तुलनेच्या गटातल्या गावांतल्या बायकांना आधी बसवून कोणी विचारले असते तर? ‘शेजारच्या गटातल्या गावांना तपासणी मिळेल, तुम्हाला आठ वर्षे नाही, त्यातून जे कळेल ते पुढे सगळ्यांना मिळेल. हे तुम्हाला चालेल का?’ काही गावे हो म्हणाली असती. काहींनी अट घातली असती: मध्ये फरक दिसायला लागला तर आम्हालाही द्या. काहींनी विचारले असते, तपासणी तुम्ही कराल, पण रोग निघाला तर बार्शीला जायचे भाडे, घरची भाकरी, नवऱ्याची परवानगी याचे काय? उत्तर काहीही आले असते, तरी ते त्यांचे असते. नंतरच्या वादात त्यांची बाजू इतरांना तर्काने रचावी लागली नसती.

आणि दुसरी गोष्ट निष्कर्षानंतरची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एकदा तरी तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांचे देशातले प्रमाण होते १.९ टक्के. ज्ञान धाराशिवमधून निघून जगभर गेले, आणि आपल्याकडच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींपर्यंत पोचले नाही. संशोधन संपले की ज्या समाजाने ते दिले त्याचा त्यावर काही दावा उरत नाही. कारण त्याला कोणी भागीदार मानलेलेच नसते. भागीदार हिशेब मागतो. विषय मागत नाही.

५. गडचिरोलीचा धडा, आणि त्याची मर्यादा

याच महाराष्ट्रात दुसरे उदाहरण आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या कामाचे कौतुक मराठी वाचकाला नवे नाही. मला त्यातली त्यांनीच सांगितलेली चूक जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीला त्यांनी सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. शास्त्रीय दृष्टीने काम पक्के होते. पण लोकांना त्यात रस नव्हता. तो प्रश्न डॉक्टरांचा होता, लोकांना तेव्हा सतावणारे प्रश्न वेगळे होते. त्यानंतर लोकांना विचारून प्रश्न ठरवायचे, ही रीत पडली. गावांच्या प्रतिनिधींची आरोग्य-संसद भरू लागली. दवाखाना कसा हवा हे विचारल्यावर लोकांनी मोठ्या इमारतीची भीती वाटते असे सांगितले; म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. दारू हा आरोग्याचाच प्रश्न आहे, हे लोकांनी पुढे आणले. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली ती त्या चळवळीतून.

१९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला वसा आणि अमिर्झा या दोन गावांचा अभ्यासही असाच. गावातल्या स्त्रियांची सरसकट तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांत एक तरी स्त्रीरोग आढळला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरताच होत असे. बायकांचे ऐकले म्हणून जगाच्या नजरेतला एक मोठा आंधळा ठिपका दिसला.

तरीही समीक्षकाने दोन गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत. नवजात बालकांच्या घरगुती उपचारांची जी चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही तुलनेची ४७ गावे होती, जशी उपचारांची ३९ होती. तुलनेचा गट हा नीतीचा प्रश्न गडचिरोलीतही होता. लोकांशी नाते असले म्हणून तो नाहीसा होत नाही. आणि दुसरे, आरोग्य-संसदेत लोक काय बोलले हे आपल्याला डॉक्टरांच्या लेखणीतूनच कळते. ती लेखणी प्रामाणिक आहे. पण गावातल्या बाईने स्वतःच्या नावाने, ‘आम्ही हे विचारले आणि हे बदलले’ असे लिहिलेले पान माझ्या वाचनात आलेले नाही. कर्म आता करण झाले, कर्ता अजून व्हायचे आहे.

६. माझ्या वेलांट्या

आतापर्यंत दुसऱ्यांना तपासले. आता स्वतःला.

नियमांप्रमाणे प्रत्येक नीतिसमितीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यांत एक ‘सामान्य व्यक्ती’ हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार तिने सहभागींच्या बाजूने पाहायचे असते. आई गेल्यानंतर एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला एका संस्थेच्या समितीवर ही जागा दिली. मी दोन वर्षे होतो. बैठकीच्या तीन-चार दिवस आधी जाडजूड इंग्रजी फाईल घरी येई. बैठकीत औषधाची मात्रा, विमा, करार यांवर चर्चा होई. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळत, ‘मराठी संमतीपत्र पाहिलंत ना?’ मी वेलांट्या आणि अनुस्वार दुरुस्त केलेली पाने पुढे करी. सगळे आभार मानत. चहा येई.

त्या दोन वर्षांत ‘यादृच्छिक’ कापून मी ‘चिठ्ठी टाकून’ लिहिले नाही. एकदा लिहिले होते. भाषांतराचे प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागेल, वेळ जाईल, असे उत्तर आले, आणि मी गप्प बसलो. ज्या अकरा पानांबद्दल मी वर इतके लिहिले, तशीच पाने माझ्या सहीने मंजूर झाली. मला कोणी दडपले नव्हते. मोठ्या टेबलाशी बसायला मिळाले, याचेच मला अप्रूप होते.

सहभागातला सर्वांत मोठा धोका मला स्वतःतच सापडला. टेबलाशी एक खुर्ची दिली की दोन्ही बाजूंचे समाधान होते. अमेरिकेत शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच नागरिक-सहभागाची शिडी मांडली होती: खालच्या पायऱ्यांवर नुसती समजूत काढणे, मध्ये मत विचारणे, आणि वर खरी सत्ता. मी मधल्याच पायरीवर बसून स्वतःला वर समजत होतो.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर इथे एड्स झालेल्या लोकांनी जाहीर केले की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आणि आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला घ्या. १९८७ मध्ये ‘ॲक्ट अप’ उभी राहिली; पुढच्या वर्षी तिने औषध-नियंत्रकांच्या कार्यालयाला घेराव घातला. हे लोक नुसते ओरडले नाहीत. त्यांनी विषाणूशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकून घेतले, संशोधकांच्या समित्यांत शिरले, चाचण्यांच्या रचना बदलायला लावल्या. ‘रुग्णांना काय कळते?’ या नेहमीच्या आक्षेपाला हे उत्तर आहे. पण इतिहास पुढेही वाचावा लागतो. औषधे लवकर मंजूर करा असे म्हणणाऱ्यांपैकी काहींनाच नंतर जाणवले की घाईत मंजूर झालेल्या औषधाचा उपयोग होतो का, हेच कळेनासे होते. रुग्ण म्हणतो ते नेहमी बरोबर असते, असे नाही. डॉक्टर म्हणतात तेही नसते. म्हणूनच दोघांनी एका टेबलाशी वाद घालायचा असतो.

आणखी एक इशारा. सहभागाच्या गोष्टी करून कायद्याचे रक्षण सैल करता येणार नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा इथे एचपीव्ही लशीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. वसतिगृहांतल्या मुलींसाठी वॉर्डनने संमती दिल्याचे समोर आले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. तिथे आधी साधी परवानगीच नीट घेतलेली नव्हती. परवानगी हा पाया आहे आणि सहभाग हा वरचा मजला. पाया नसताना मजला चढवता येत नाही. पण केवळ पाया बांधून घर झाले असे म्हणणे, ही आपली आजची खोड आहे. सही घेतली, आता तर तिचे चित्रीकरणही केले, म्हणजे माणसाला सामील करून घेतले असे आपण मानतो.

७. काय मागायचे?

मोठ्या सुधारणांची यादी देण्याची माझी पात्रता नाही. वाचणाऱ्या माणसाला दिसतील अशा चार गोष्टी सांगतो.

माहितीपत्रक मराठीतच लिहावे, भाषांतरित करू नये. आणि छापण्यापूर्वी तो आजार असलेल्या पाच-सहा जणांना मोठ्याने वाचून दाखवावे. ते जिथे अडतील तिथे वाक्य चुकले आहे, माणूस नाही.

चाचणीत काय मोजायचे ते ठरवताना रुग्णाला आणि त्याच्या घरच्या माणसाला विचारावे, ‘बरे वाटणे म्हणजे तुमच्या दृष्टीने काय?’ आईने ‘दुपारी भाजी निवडता येणे’ असे सांगितले असते.

नीतिसमितीत ‘सामान्य व्यक्ती’ एकटी नसावी. किमान दोघे असावेत आणि त्यांतला एक तरी स्वतः कधी चाचणीत राहिलेला असावा. एकटा माणूस वेलांट्या सुधारतो. दोघे मिळून प्रश्न विचारतात.

प्रसिद्ध होणाऱ्या निबंधात रुग्णांना कसे सामील केले, आणि केले नसेल तर तसे, हे लिहावे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१४ पासून लेखकांना हे विचारायला सुरुवात केली आहे. आपल्या नियतकालिकांनी विचारायला काहीच खर्च नाही.

आणि शेवटी निकाल कळवावा. सहभागींना निष्कर्ष कळण्याचा हक्क हेलसिंकी जाहीरनाम्यात २००८ पासून आहे. आईची चाचणी संपली तेव्हा भेटीचे कार्ड परत दिले आणि ‘आजी, काळजी घ्या’ असे सांगितले. तिला नवे औषध मिळाले होते की जुने, हे तिला कळले नाही. पुढे दोनदा मी पत्रकावरच्या क्रमांकावर फोन केला; तो बंद होता. भारतात क्लिनिकल ट्रायलची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, म्हणून राष्ट्रीय नोंदवहीत मी तिची चाचणी शोधली. सापडली. ‘पूर्ण’ असा शेरा होता. निकाल नव्हता.

आई शेवटपर्यंत मधूनमधून विचारायची, ‘त्या औषधाचं पुढं काय झालं रे? कुणाला गुण आला का?’ स्वतःला काय मिळाले हे ती विचारत नव्हती. वर्षभर भिंत धरत, एसटीत उभी राहत जे दिले, ते कोणाच्या उपयोगी पडले का, एवढेच तिला हवे होते. त्या अकरा पानांत तिला जागा नव्हती, पण तिने स्वतःला त्या संशोधनाची भागीदार मानले होते. मला वाटते, पुष्कळ जण तसेच मानत असतील. संशोधकांनी तेवढे मानायचे बाकी आहे.